मोजणीच्या दिवशीची गाय

लग्नाला वर्ष होत आलं, तरी ओर्ला आणि काहल तिच्या आईच्या, ब्रीडीच्या घरात मागच्या खोलीत राहत होते. भिंत इतकी पातळ, की काहल कुशीवर वळला तरी पलीकडून ब्रीडी विचारायची, "झोप येत नाही का रे?" काहल श्वास रोखून पडायचा.

त्यांना वेगळं घर हवं होतं. जमीन होती, परवानगी नव्हती. आयर्लंडच्या लीट्रिम भागात मोकळ्या रानात नवं घर उठवू देत नाहीत. तिथे पूर्वी कुणाचं राहतं घर असेल, तरच त्याच्या जागी बांधता येतं. ओर्लाच्या वडिलांच्या घराण्याच्या, मल्वींच्या रानाच्या टोकाला एक जुना दगडी गोठा होता.

"ते कधीतरी घर असणार," ओर्ला म्हणाली.

"गोठाच आहे तो. माझ्या सासूची सासूही तिथेच धार काढायची," ब्रीडी म्हणाली.

"मग धुराडं कुठंय?" काहलनेही शंका काढली.

"पडलं असेल. तू कुणाच्या बाजूने आहेस?"

ओर्ला रसायनशास्त्र शिकलेली होती. पुराव्याशिवाय ती बोलत नसे, म्हणून तिने जुनी दप्तरं उघडली आणि तिथेच गोंधळ सुरू झाला. जनगणनेत त्यांच्या ड्रमकॉरा गावात तीन जेम्स मल्वी निघाले, तिघांच्याही बायका मेरी. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे सगळे चुलतभाऊ एकाच नावाचे. त्यातला एक जेम्स तर दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत अठरा वर्षांनी म्हातारा झाला होता. ओर्लाने वजाबाकी पुन्हा करून पाहिली आणि शेवटी शेजारच्या पॅकी गॅलोग्लीकडे गेली.

"मधल्या काळात पेन्शन सुरू झाली ना, पोरी," पॅकी म्हणाला. "सत्तरी गाठली असेल तरच मिळायची. एका रात्रीत अख्खं गाव पिकलं."

"आणि यातला आमचा जेम्स कुठला?"

"डोंगरावरचा सोड, तांबड्या केसांचा सोड. उरेल तो तुमचा."

उरलेल्याचा माग काढत ओर्ला आणखी मागे गेली. घरपट्टीसाठी साऱ्या गावाची मोजणी झाली होती, त्या काळापर्यंत. नकाशात मल्वींचे दोन चौकोन होते, एक घर आणि एक गोठा. शेजारी लांबी-रुंदीही लिहिली होती. ती टेप घेऊन रानात गेली. गोठ्याची मापं घराच्या मापांशी तंतोतंत जुळली. आनंदाने परत येऊन तिने राहतं घर मोजलं. परत मोजलं. मग शेजारून दुसरी टेप आणून मोजलं.

"आई, आपण गोठ्यात राहतो," ती म्हणाली.

ब्रीडी फरशी पुसत होती. तिने फडकं पिळलं. "तरीच तुझ्या बाबांच्या माणसांना आत आल्यावर दार लावायची सवय नाही."

पॅकीला हे कळलं तेव्हा तो डोळे पुसावे लागेपर्यंत हसला. "अगं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. घर जितकं बरं, तितकी पट्टी जास्त. मोजणीवाला येणार कळल्यावर तुमच्या म्हाताऱ्याने बायकापोरं गोठ्यात नेऊन बसवली आणि गाय आणून चुलीपाशी बांधली. मोजणीवाला गेल्यावर गाय काही उठेना. ऊब लागली होती ना तिला."

"म्हणजे नोंद खोटी आहे?"

"खोटी कशी? त्या दिवसापुरती खरीच आहे."

ओर्ला डोकं धरून बसली. खोटं तिला बोलायचं नव्हतं, पण घर हवं होतं.

"आपण पॅकीकाकांकडे गेलोच नव्हतो," काहल हळूच म्हणाला.

तिने नोंदीची नक्कल जशीच्या तशी अर्जाला जोडली. पॅकीची गोष्ट जोडायला अर्जात जागाच नव्हती, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पाहणीला एक तरुण अधिकारी आला. रान पाहून झाल्यावर तो स्वयंपाकघरात चहाला बसला. त्याने लोणी लावलेला सोडा ब्रेड खाल्ला, छताकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "छान ठेवलाय हो गोठा."

ब्रीडीने त्याला दुसरा कप विचारला नाही.

थोड्याच दिवसांत पत्र आलं. रानातल्या 'घराच्या' जागी नवं घर बांधायला परवानगी होती. अट एकच: दुसरी इमारत नोंदीप्रमाणे गोठा म्हणूनच वापरावी, तिच्यात माणसांनी राहू नये.

ओर्लाने पत्र पुन्हा वाचलं. "हे काय भलतंच? मी आत्ता लिहून कळवते त्यांना, की हेच आमचं घर आहे म्हणून."

"कळव की," ब्रीडी म्हणाली. "मग रानातला गोठा गोठाच ठरेल आणि तुमची परवानगी जाईल."

ओर्लाने काहलकडे पाहिलं. काहल खिडकीबाहेर पाहत होता.

ब्रीडीने हात पुसले, चष्मा लावला आणि टेबलावरचा नव्या घराचा नकाशा स्वतःकडे ओढला.

"सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येणार?"

"आमच्या," काहल म्हणाला.

"अजून पाया खणला नाही ना?" ब्रीडी म्हणाली आणि तिने पेन्सिल मागितली.