परडं मोकळं नव्हतं

सुनेला घराभोवतीची जमीन ओळखता येऊ नये, याला काय म्हणावं? कुसगावच्या सावित्राबाईंचं गाऱ्हाणं एवढंच होतं, आणि ते त्यांनी आळीतल्या प्रत्येक उंबऱ्याला सांगून झालं होतं. घरापुढं सारवलेलं ते अंगण. कडेला भात झोडपायचं ते खळं. ढोरांचं ते वाडगं. आणि मागल्या दारी, कारवीच्या कुंपणाआड, अळू-भेंडी-मिरच्यांचं ते परडं. जागा वेगळी, नाव वेगळं, मान वेगळा. अंगणात पाव्हण्याला बसवावं. परड्यात सख्ख्या जावयालाही फिरकू देऊ नये. आणि ही हर्षदा, देहूरोडच्या क्वार्टरात वाढलेली, लग्नाला वर्ष झालं नाही तोवर सगळ्याला मिळून एकच म्हणते, लॉन!

तिनं घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या, त्याला बाईंची ना नव्हती. पण फाटकावर पाटी लागली, ‘घरगुती जेवण, प्रशस्त लॉन’.

“लॉन म्हंजी काय गं?”

“घराभोवतीची मोकळी जागा, आई.”

“मोकळी? आगं, माज्या घराभवती वीतभर जागा मोकळी न्हाई! सासऱ्यानं दगूड येचून येचून केलेलं परडं हाय ते!”

“पण पुण्याच्या माणसाला परडं म्हटलं तर काय कळणार?”

“मग त्याला म्हणावं, शिकून ये!”

त्या दिवसापासून अबोला. सावित्राबाईंचा अबोला म्हणजे किल्ल्याचा दरवाजा. एकदा लागला की आतून अडसर. पण घर तर चालायला हवं, म्हणून सगळे निरोप चिंगी मांजरीमार्फत जाऊ लागले. “चिंगे, कुणाला भूक आसंल तर पिठलं झालंय!” बाई म्हणायच्या. “चिंगे, मी नंतर जेवेन,” हर्षदा म्हणायची. बाईंचा मुलगा बजरंग देहूरोडच्या डेपोत कामाला. दोघींच्या मधे मांजर आहे ना, मग आपण कशाला, असं म्हणून तो घरी आला की पांघरूण डोक्यावर घ्यायचा.

पुढं हर्षदा बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली. यंदा खाचराकडं रानडुकरांचा उच्छाद फार. म्हणून बाईंनी परड्यातली भेंडी उपटली, रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजला आणि इंद्रायणीचं बी तिथंच फेकलं. वर्षाचा भात त्या रोपांवर होता. हर्षदा परतली तेव्हा परडं पोपटाच्या पाठीसारखं हिरवं झालेलं. ती मागल्या दारात उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सावित्राबाईंनी ते चोरून पाहिलं. रोप बघून डोळं भरलं! पोर शेतकऱ्याची झाली म्हणायची!

“चिंगे,” त्या खुशीत म्हणाल्या, “भाताचं रोप हाय. त्यात कुणी पाय घालायचा न्हाई.”

चिंगीनं जांभई दिली. तोवर आत गेलेल्या हर्षदाचा मिक्सर चालू होता, ते बाईंनी मनावर घेतलं नाही.

लावणीचा दिवस ठरवायला त्या शेजारच्या औंढ्याला चिमाबाईकडं गेल्या. दोघींच्या घरांची सावड जुनी; आज यांनी त्यांच्या खाचरात राबायचं, उद्या त्यांनी यांच्या.

“रोप कसं हाय, सावित्रे?”

“रोप? आगं, मावळात आसं रोप न्हाई! परवा माणसं घिऊन ये. बघून तोंडात बोट घालशील!”

एवढं बोलून त्या ताठ मानेनं घरी आल्या, तर घरामागून गाणी ऐकू येत होती.

परड्यात खुर्च्या! पुण्याच्या कुणा गृहस्थांची साठी होती आणि सगळं गणगोत आलं होतं. गृहस्थ केक कापत होते. बायका फुगडी घालत होत्या. फुगडी! रोपावर! एक बाई अनवाणी समोर आल्या.

“आजी, काय सुंदर लॉन हो! आम्ही मुद्दाम चपला काढून चालतोय. गवत कोणतं आहे? सोसायटीत लावायचंय.”

रोप आडवं झालं होतं, पण सावित्राबाईंचा अभिमान अजून उभा होता. “इंद्रायणी,” त्या म्हणाल्या.

“अय्या, तांदळाचं नाव!”

तेव्हा मात्र बाईंचा बांध फुटला. “उठा! माज्या वर्साच्या भातावर बसलाय तुमी! उठा म्हंते ना!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं व्हिडिओ काढायला घेतला. त्यांना वाटलं, घरगुती जेवणासोबत गावरान करमणूकही आहे!

हर्षदा भज्यांची परात घेऊन येत होती. परात तिथंच सुटली.

“भात?” तिचा चेहरा पांढरा पडला. “आई, मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी गवत पेरलंत. मी माहेरी फोन करून सांगितलं, सासूबाईंनी मला माफ केलं म्हणून.”

सावित्राबाई खाली बसून सांडलेली भजी परातीत भरू लागल्या. असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

पाहुणे अंगणात हलवले. हर्षदा ओढणी कमरेला बांधून चिखलात बसली आणि आडवं झालेलं रोप बोटांनी उभं करू लागली. दिवेलागणीपर्यंत ती उठली नाही. थोडं सावरलं, बाकीचं पेंढ्यासारखं लोळत राहिलं. बाई मागल्या दारातून पाहत होत्या.

ठरल्या दिवशी चिमाबाई माणसं घेऊन आली. परड्यात डोकावली आणि तिनं खरोखरच तोंडात बोट घातलं.

“सावित्रे, हितं काय म्हशी लोळल्या?”

हर्षदानं मान खाली घातली.

“म्हशी न्हाई,” सावित्राबाई म्हणाल्या, “पाव्हणं व्हतं. माजं.”

चिमाबाई पोट धरून हसली. पण आपलं उरलेलं रोप तिनं टेम्पोत घालून आणवलं. दोन्ही मिळून खाचरं भागली. हर्षदा सगळ्यांबरोबर चिखलात वाकली. तिची ओळ वाकडी गेली, पण गेली.

संध्याकाळी दोघी अंगणात पाय धूत होत्या. चिंगी पायरीवर पोट वर करून पडली होती.

“चिंगे—” सावित्राबाईंनी सवयीनं सुरुवात केली आणि थांबल्या. घसा खाकरला. मग सरळ सुनेकडं वळल्या.

“हर्षदा, लय इचार केला मी. चूक तुजी न्हाई. माजी तर नसतीच. खोट हाय ती ह्या मांजरीत! मेलीनं एक निरोप धड पोचवला न्हाई. आजपासनं मी तिला कामावरनं काढली!”