झिपरू अस्वलाची जीभ

मुलांनो, मांडी घालून बसा. मोबाईल खाली ठेवा. मोठ्यांनीही ठेवा.

एका जंगलात झिपरू नावाचं अस्वल राहायचं. राजाचा मध चाखायची नोकरी त्याच्याकडे होती. जिभेवर थेंब पडला की हा जांभळाच्या फुलांचा, हा हिरड्याचा, असं झिपरू डोळे मिटून सांगे. यात गुळाचं पाणी आहे, हेही सांगे. त्यामुळे मध पुरवणारं तरस त्याच्यावर दात धरून होतं.

एकदा झिपरूच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा ठणकू लागल्या. तो डॉक्टर साळिंदराकडे गेला. साळिंदराची एक पद्धत होती. आधी पेशंटच्या तोंडात लाकडाचा ठोकळा अडकवायचा, मग धोके सांगून परवानगी विचारायची.

"जिभेची नस दुखावू शकते. चालेल ना?"

"आऽऽ," झिपरू म्हणाला.

"समजूतदार आहे," म्हणत साळिंदराने स्वतःचाच काटा उपटला, भुलीच्या रसात बुडवला आणि टोचला. दाढा हाडात आडव्या रुतल्या होत्या. सुतारपक्ष्याने त्या चोचीने फोडून तुकडे काढले.

दुसऱ्या दिवशी भूल उतरली, पण जीभ काही जागी होईना. तोंडात मध घातला काय नि माती घातली काय, सारखंच. झिपरू रडतच दवाखान्यात आला.

"डॉक्टरसाहेब, असं कशानं झालं हो?"

"याने कोरताना नस खरवडली असेल," साळिंदर म्हणालं.

"यांचा काटा नसेत घुसला असेल," सुतारपक्षी म्हणाला. "मी फक्त दाढेवर ठोकतो."

मग घुबडाला बोलावलं. ते तज्ज्ञ होतं, म्हणजे लांबून आलं होतं.

"सूज नसेवर दाबत असेल," घुबड म्हणालं. "किंवा दाढेची मुळंच नसेला चिकटून असतील."

हे ऐकताच तिघांचं एकमत झालं. चूक झिपरूच्या मुळांची होती.

"पण चव परत येईल का?"

"येईल. महिने लागतात. कधीकधी येतही नाही," घुबड म्हणालं.

घरी बायकोने मध पुढे ठेवला. कुठल्या झाडाचा, ते झिपरूला सांगता येईना. घरात कुणी वारल्यासारखी दोघं बसून राहिली. आता नोकरीही जाणार होती.

दरबारात तरसाचा घडा आला. झिपरूने चाटून पाहिलं. काहीच कळेना, तेव्हा घाबरून म्हणाला, "उत्तम."

राजा खूश झाला. तरस तर हुंदके देऊन रडलं. दरबारात इतक्या शांततेत जेवण पूर्वी कधी झालंच नव्हतं. लवकरच झिपरूला बढती मिळाली आणि साळिंदराच्या दवाखान्याबाहेर दरबाऱ्यांची रांग लागली. त्यांतल्या एकाचीही दाढ दुखत नव्हती.

काही महिने गेले. एका सकाळी झिपरूच्या जिभेला मुंग्या आल्या. बायकोने घाईघाईने बोटभर मध चाटवला.

"जांभळाचा. ओढ्याकाठच्या," झिपरू म्हणाला आणि पिल्लासारखा रडला. मग दोघं गुहेभर नाचली.

त्याच दुपारी दरबारात घडा आला. झिपरूने चाखलं. गुळाचं पाणी होतं, तेही आंबलेलं. राजा बघत होता, तरस बघत होतं.

"उत्तम," झिपरू म्हणाला.

तात्पर्य: दाढ काढताना दुखावलेली नस बहुधा पुन्हा जागी होते. अशा वेळी घाबरून जाऊ नये. फक्त कुणाला सांगू नये.