एकुलत्या एका वापरकर्त्याचा आवाज

"मी हात लावला आणि काही मोडलं, असं आजवर झालेलं नाही!" सकाळी सुधारकाने बायकोला ऐकवलं.

सुधारक हे ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव. नोकरी सांभाळून हा गृहस्थ एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बिनपगारी राबायचा. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम घ्यायचे, कुणालाही सहज बसवता येतील अशी त्यांची पॅकेजेस बांधायची, मूळ लेखकाने काही बदललं की पॅकेजही बदलायचं. मिळकत शून्य, पण रुबाब असा, की साऱ्या जगाचे कॉम्प्युटर जणू याच्याच जिवावर चालतात!

त्या दिवशी त्याने साफसफाई काढली. टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, आणि त्याचा एक जुना पुरुषी आवाज वेगळ्या पॅकेजमध्ये पडून होता. किती जण वापरतात हा आवाज? आकडा आला, एक.

"हा एक म्हणजे मीच, चाचणीपुरता!" म्हणत त्याने तो आवाज काढून टाकला, नवी आवृत्ती धाडून दिली आणि हात झटकून ऑफिसला गेला.

तो एक म्हणजे त्याचे वडील होते.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला होता. तेव्हापासून ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि कॉम्प्युटर बोलायचा. तो आवाज त्यांनीच निवडला होता, कारण तो त्यांच्यासारखाच खेकसायचा. आणि नव्या आवृत्त्या आपोआप येण्याची सोय सुधारकानेच मोठ्या कौतुकाने करून दिली होती.

नेमकं आज बाबांना आपल्या थोरल्या भावाशी, म्हणजे सुधारकाच्या काकांशी बोलायचं होतं. "आमच्या घरात नाक खुपसू नकोस," असं बाबा त्यांना एकदा चार माणसांत म्हणाले होते. तेव्हापासून अबोला, इतका की बाबांचा नवा नंबरही त्यांच्याकडे नव्हता. आता काका घर बंद करून कायमचे परदेशी, लेकीकडे निघाले होते, उद्याच. बाबांनी दुपारभर खपून दोन वाक्यं जुळवली होती. सुधारक घरात शिरला तेव्हा फोन स्पीकरवर होता.

"हॅलो?" पलीकडून काका.

बाबांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरमधून एक टवटवीत तरुणी उत्साहाने म्हणाली, "दादा, माझं चुकलं! मनात ठेवू नकोस!"

"बाई, जरा अदबीने बोला! आम्हाला काही विकत घ्यायचं नाही!" काकांनी फोन ठेवला.

बाबांनी पुन्हा लावला. तरुणीने पुन्हा माफी मागितली.

"परत तुम्हीच? थांबा, नंबरच ब्लॉक करतो!"

तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. सुधारक पुढे झाला. "बाबा, मी सकाळी..." बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच त्याला सोसेना. त्यांचा आवाज दुसऱ्यांदा काढून घेतला होता, आणि या वेळी तो पोटच्या पोराने!

त्याने जुना आवाज परत बसवला. बायकोने स्वतःचा फोन पुढे केला. "बाबा, यावरून लावा. आणि अहो, तुम्ही आता कशाला हात लावू नका!"

"दादा, माझं चुकलं. मनात ठेवू नकोस," आवाज खेकसला.

पलीकडून काका, "धाकट्या? हा तुझा आवाज नाही."

"माझा गेला. ऑपरेशन झालं. वर्ष होईल."

"आणि मला आज सांगतोस? गाढवा, मी मेलो होतो का?" काकांनी विचारलं.

इथे सुधारकाला राहवेना. "काका, त्याचं काय झालं, नवी आवृत्ती आली तेव्हा ते पॅकेज..."

बाबांनी वैतागून दोन बोटं आपटली. कॉम्प्युटर गरजला, "तू आधी चालता हो इथून!"

"मला? मला चालता हो म्हणतोस?" काका कडाडले. "येतोच तिकडे! तोंडावर म्हणून दाखव!"

फोन बंद. बाबांनी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने दारावर धपाधप थापा पडल्या. काका धापा टाकत उभे होते, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"म्हण आता!" ते दारातूनच ओरडले. मग बाबांच्या गळ्यावरच्या व्रणाकडे त्यांची नजर गेली. ते तसेच येऊन बाबांच्या शेजारी बसले.

बाबांनी डोळे पुसले आणि सावकाश टाइप केलं. "दादा, चालता हो ते याला म्हणालो होतो."

काकांनी मान वळवून सुधारकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग हा अजून इथे कसा?"

सुधारक मुकाट्याने चहा टाकायला गेला.