धोंडबाच्या सुटकेची रंगीत तालीम

एका जंगलात, आपल्या नव्हे हं, आपल्याकडे असलं काही घडत नाही, भागाबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. अंगभर काटे आणि जिभेवर त्याहून चार जास्त.

तिचा नवरा धोंडबा. काटे त्यालाही होते, पण जीभ त्यानं लग्नातच बायकोकडे सोपवली होती. बीळ मात्र असं खणायचा की बघत राहावं.

तेच त्याच्या मुळावर आलं.

समोरच्या टेकडीवर सात तरस राहत. त्यांना ऐसपैस बीळ हवं होतं आणि खणायचा कंटाळा होता. एका सकाळी ते आले आणि धोंडबाला धरून घेऊन गेले. भागाबाई मागोमाग पळाली.

तरसांचा म्होरक्या मान वळवून म्हणाला, "रडू नका बाई. बीळ होईस्तोवर तो आमचा पाहुणा."

"आणि बीळ झाल्यावर?"

"मग उताणा करू. पोटाला काटे नसतात म्हणे."

बाळांनो, साळिंदराच्या पोटाला खरंच काटे नसतात. भागाबाईला हे ठाऊक होतं. नवऱ्याच्या कामाचा उरकही ठाऊक होता. दहा दिवसांत बीळ तयार. अकराव्या दिवशी धोंडबा उताणा.

ती तडक वाघोबा महाराजांकडे गेली. ऐकून महाराजांना आनंद झाला.

असं बघू नका माझ्याकडे. राजांना होतो असा आनंद. दोन वर्षांपूर्वी महाराजांनी मोठ्या हौसेनं एक खास दल उभं केलं होतं. साधं सैन्य होतं रानडुकरांचं. ते निघालं की आधी झाडं पडायची, धूळ उडायची, आणि शत्रू सावकाश आवराआवर करून निघून जायचा. खास दलाचं तसं नव्हतं. निवडक गडी. गुपचूप जायचं, शत्रूला कळायच्या आत काम उरकायचं, गुपचूप परत यायचं. अडचण एवढीच, की दोन वर्षांत त्यांना कुणी कुठं पाठवलंच नव्हतं.

दलाचा सुभेदार होता सर्जेराव मुंगूस. मिशा तेल लावून वर वळवलेल्या.

"वहिनी, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "आमचा घाव एकदाच. पण एकदाच घालायचा, म्हणून तालीम पक्की हवी."

"मग ह्यांना आणणार कधी?"

"तालीम झाली की."

"तालीम कधी?"

"नकली बीळ झालं की. तरसांच्या बिळासारखं हुबेहूब बीळ आधी नदीकाठी करायचं. त्यावर सराव. मग खऱ्यावर झडप."

बोलणं शहाण्यासारखं होतं. भागाबाई घरी गेली.

आता गंमत ऐका. खास दलात तीन तुकड्या होत्या. जमिनीवरची मुंगसांची, पाण्यातली पाणमांजरांची आणि हवेतली वटवाघळांची. तरसांच्या टेकडीवर घोटभर पाणी नव्हतं. पण पाणमांजरांना वगळावं तर ती रुसणार. म्हणून नकली बिळाशेजारी तळं खोदलं. त्यात चार दिवस गेले. खरी मोहीम अंधारात व्हायची, पण अंधारात बघणाऱ्यांना काय दिसणार? म्हणून तालीम भर उन्हात ठेवली. त्यामुळं वटवाघळं झाडाला उलटी लटकून घोरत पडली. त्यांना 'राखीव' म्हणायचं ठरलं.

धोंडबाचं काम एका म्हाताऱ्या कासवाला दिलं. त्याच्या पाठीवर बाभळीचे काटे बांधले. कासव भूमिकेत इतकं शिरलं, की घरी बायकोशीही बोलेना.

आठव्या दिवशी भागाबाई पुन्हा गेली.

"सुभेदार, कासवाला किती वेळा सोडवलंत?"

"चौदा. आणि एक ओरखडा नाही."

"आणि माझ्या नवऱ्याला?"

"वहिनी, घाईनं घात होतो. उद्या महाराजांसमोर रंगीत तालीम. शेजारच्या जंगलातून पाहुणे यायचेत. ते गेले, की तेराव्या दिवशी खरी मोहीम."

"तेराव्याला मग जेवायलाच या," भागाबाई म्हणाली.

संध्याकाळी माकडानं जंगलभर दवंडी पिटली. "ऐका हो ऐका. उद्या सकाळी नदीकाठी अतिगुप्त रंगीत तालीम. सर्वांनी सहकुटुंब यावं. बाहेर वाच्यता करू नये."

दुसऱ्या दिवशी नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. भागाबाईला मानानं पुढच्या दगडावर बसवलं. मुंगसं सरपटत निघाली. लोक माना डोलवू लागले. एवढ्यात मागून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं.

ते हसणं तिनं दहा जंगलांत ओळखलं असतं. तिनं उभं राहून मागं पाहिलं. एक, दोन, तीन... सात. सगळेच्या सगळे, रांगेनं, बोरं खात.

"बाई, जरा खाली बसता का? दिसत नाही," म्होरक्या म्हणाला.

"तुम्ही इथं कसे?"

"दवंडी ऐकली. आमच्यावरच खेळ आहे म्हटल्यावर यायला नको? कासव छान करतंय. अगदी तुमच्या ह्यांच्यासारखं मान खाली घालतंय."

सातही इथं, म्हणजे टेकडीवर राखणीला कुणी नाही, हे भागाबाईनं ताडलं. पण चेहरा तिनं पडलेलाच ठेवला. "शेवटपर्यंत थांबणार असाल?"

"म्हणजे काय. पाण्यातला प्रवेश अजून व्हायचाय."

"मला नाही हो बघवत," ती पदर डोळ्याला लावत म्हणाली. साळिंदराला पदर कुठला, असं विचारणाऱ्यानं बाहेर जाऊन बसावं.

"साहजिक आहे," म्होरक्या म्हणाला आणि तिला वाट करून दिली.

झाडाआड होईपर्यंत ती हळू चालली. मग जी पळाली, ती टेकडीवरच थांबली. खऱ्या बिळातून माती उडत होती.

"अहो."

"कोण? भागा? जरा थांब, एवढा कोपरा राहिलाय."

"कोपरा झाला की तुम्हाला उताणा करणार आहेत."

"ते आहेच. पण काम अर्धवट टाकू नये. आबा म्हणायचे."

"आबांना स्वतःचं पोट राखून म्हणायला काय जात होतं? निघताय, की मी आत येऊ?"

धोंडबा निघाला. तरसांपेक्षा बायकोला भिणं त्याला सोपं होतं, सवयीचं होतं. दोघं घरी गेलीच नाहीत. नदी ओलांडून पलीकडच्या जाळीत धोंडबानं संध्याकाळपर्यंत नवं बीळ खणलं. कोपऱ्यांसकट.

इकडं खेळ संपला. तरस टाळ्या वाजवून घरी गेले. बघतात तर बीळ मोकळं. ते तसेच दरबारात आले.

म्होरक्या म्हणाला, "महाराज, तुमचं दल आमच्या डोळ्यांसमोर होतं. मग धोंडबाला नेलं कुणी?"

सर्जेराव खरा गडी. तो म्हणाला, "महाराज, आम्ही तर इथंच..."

"गप," महाराज म्हणाले. मग तरसांना विचारलं, "नेताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"आवाज आला?"

"नाही."

"माग लागला?"

"नाही."

"झालं तर मग. खास दल ह्यालाच म्हणतात."

तरसांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढून नाचून दाखवतात आणि मागून घर साफ करतात, असल्या शत्रूशेजारी कोण राहील? त्याच दिवशी त्यांनी टेकडी सोडली.

आठवड्यानं सर्जेराव शोधत शोधत जाळीपाशी आला. मिशा खाली आलेल्या. "वहिनी, उद्या मला मानाचं कडं घालणार आहेत. आमच्यापैकी कुणी टेकडीवर गेलं नव्हतं. हे तुमचंच काम. तुम्ही म्हणाल तर दरबारात खरं सांगून टाकतो."

धोंडबानं तोंड उघडलं. "सुभेदार, मला तर हिनंच..."

"ह्यांना उन्हानं भ्रम झालाय," भागाबाई म्हणाली. "तुमच्याच माणसांनी आणलं. खरं तरसांच्या कानावर गेलं, तर पुन्हा येतील ना ते? घाला कडं. आणि तालमी चालू ठेवा."

तात्पर्य: गुप्त मोहिमेचा सराव नेहमी उघड्यावर, दवंडी पिटून करावा. तो इतका छान असावा, की शत्रूनं घर उघडं टाकून बघायला यावं. उरलेलं किरकोळ काम घरातली बाई करते. तिला कडं नको असतं, नवरा हवा असतो. तो कशाला हवा असतो, ते मात्र मलाही अजून कुणी सांगितलेलं नाही.