बाळंतविड्यातलं पान

आमच्या खर्डीत कुणाकडे पाळणा हलायची चिन्हं दिसली, की बाळाराम आबांच्या गुडघ्यावर टोपरं चढतं. खरंच सांगतो. ओटीवर पाय दुमडून बसायचं, नवं टोपरं गुडघ्यावर ओढायचं, बंद बांधायचे आणि गुडघ्यालाच विचारायचं, "टोचतंय का रे?" येणारेजाणारे हसतात. आबांना त्याचं काही नाही. उभा जन्म रेल्वेत गँगमन म्हणून रूळ तपासलेला माणूस, तो आता टोपऱ्याची शिवण तपासतो.

बाळंतविडा, म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्यायची भेट, हा खरा बायकांचा प्रांत. आबांनी तो कधीच बळकावला आहे. टोपली शेणवे गावच्या एका म्हातारीनं विणलेलीच हवी. ती आली की आबा आतून हात फिरवून टोचणारं बांबूचं कुसळ शोधतात. तळाला डिंक-खारीक, वर दुपटी, त्यावर झबली, कडेला अळीव आणि बाळंतशोपा. खुळखुळा सगळ्यांत वर, कारण "दबला तर मुका व्हतंय." सगळं लागलं की दोन पावलं मागं सरकून मला हाक मारतात. मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर.

"मास्तर, टोपली बोलली पायजे. बोलली का?"

एकदा मी घाईत "बोलली, बोलली" म्हणालो, तर "काय बोलली?" म्हणून माझीच उलटतपासणी झाली.

शेवटी मात्र आबा हटकून एक गोष्ट करतात. लवंग टोचलेला पानाचा विडा टोपलीत ठेवतात. बायका समजावून थकल्या. "आबा, बाळंतविड्यात पान नसतं हो!" त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर, "नावात हाय ना?" अडाणीपणा आणि हट्ट, दुसरं काय, असं मीही धरून चाललो होतो.

यंदा त्यांच्या लेकीला, मंदाला मुलगी झाली. आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, मुरबाडकडच्या गावात झालं. मंदाचा फोन आला तेव्हा मी ओटीवरच होतो. "आबा, टोपली आना. पन ते पान नका ठेवू हां. सासरी माझं हसं व्हईल."

"बरं," आबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी टोपली चार वेळा उपसली आणि चार वेळा लावली. मला हाक काही मारली नाही.

निघताना मला सोबत नेलं. शहापूरला एसटी बदलली. टोपली आबांच्या वारलेल्या बायकोच्या, सगुणाकाकूंच्या जुन्या लुगड्यात बांधून मांडीवर घेतलेली. किन्हवली मागे पडल्यावर आबा आपणहून बोलायला लागले.

"मंदी झाली तवा सगुणाच्या माहेरी कोनी उरलं नव्हतं. खाटेवर पडून म्हनली, माझा बाळंतविडा कोन आनील? मला काय ठावं! धावत टेशनावर गेलो नि टपरीवरनं पान आनलं. बाळंतविडा म्हंजे बाळंतिणीचा विडा, असं वाटलं मला. अशी हसली, मास्तर! हसत हसत पान खाल्लं. त्याच्यानंतर एवढी हसलेली मी तिला नाय बघितली."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या पानाला हसत होतो.

सासरी टोपली सुटली. विहीणबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली, झबलं गालाला लावून बघितलं, आणि शेवटी रिकामी टोपली हातात धरून आबांकडे रोखून पाहिलं. "व्याही, खर्डीत माझ्या भाचीला तुमची टोपली गेली, तिच्यात पान व्हतं. गावाला पान नि आमच्याच सुनेला नाय? आमचं काय चुकलं?"

मंदानं मान खाली घातली. लेकीनंच नको म्हटलं, हे आबा सांगणार तरी कसं? मग मीच, विचारलं नसताना, सगुणाकाकूंच्या पानाची गोष्ट सांगून टाकली. मंदाही ती पहिल्यांदाच ऐकत होती.

विहीणबाईंनी कमरेची पानाची चंची सोडली, पान मांडीवर पुसलं, चुना-कात लावला, ओवा-शोपा घातल्या, विडा वळून आबांच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या हातानं द्या लेकीला."

आबांनी विडा लेकीपुढं धरला. मंदानं विडा तोंडात घातला आणि बापाकडे बघून हसायला लागली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी हसतच होती, ओठ लाल झालेले. आबा एकटक बघत राहिले.

परतताना टोपली त्यांच्या मांडीवर होती. रिकामी परत जाऊ नये म्हणून विहीणबाईंनी तीत मूठभर तांदूळ घातले होते. मी हळूच विचारलं, "आबा, टोपली बोलली का?"

आबांनी टोपलीच्या लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले.

"बोलली नाय, मास्तर. हसली."