सात देशांची वाटी

आमच्या सांगलीतल्या फ्लॅटचा मागचा दरवाजा सात देशांच्या अवकाश स्थानकात उघडतो. बिल्डरने माहितीपत्रकात तसा उल्लेख केला नव्हता, पण ताबा घेताना आम्हीही विचारलं नव्हतं.

पुढच्या बाजूला कुणाशी फारसं बोलणं होत नाही. मजल्यावरची दारं कायम बंद असतात. त्यामुळे माझ्या बायकोचा, हेमलताचा, सगळा शेजार मागच्या बाजूला. ल्युडमिला नावाची अंतराळवीर एकदा विरजण मागायला आली, तेव्हापासून दोघींचं सूत जमलं. उंबऱ्यापर्यंत ती तरंगत येते आणि आत पाऊल टाकलं की चालायला लागते. चपला बाहेरच काढते. त्या तिकडे हवेत फिरत राहतात. वर दही लागतं का, याचं मला भारी कुतूहल होतं. लागतं, पण गोळा होऊन. पातेल्याची गरज पडत नाही.

गेल्या महिन्यात समन्वय समितीचे श्री. टेंबे पुढच्या दाराने आले.

"स्थानक जुनं झालंय. समुद्रात उतरवायचं ठरलंय," ते म्हणाले. "पण त्यांची एक वाटी तुमच्याकडे आहे. ती जमा झाल्याशिवाय सात देशांना सह्या करता येत नाहीत."

वाटी होतीच. ल्युडमिलाने तीतून सुकवलेली फळं पाठवली होती. आमच्या भांड्यांवर असतात तशीच तिच्यावर नावं कोरलेली होती, सातही देशांची.

हेमलताचा चेहरा उतरला. "मग ल्युडमिला?"

"त्या आपल्या गावी जातील."

"आणि मी बोलू कुणाशी?"

हे टेंब्यांच्या अखत्यारीत नव्हतं. मी तिथेच बसलो होतो, पण तो मुद्दा मी उपस्थित केला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं.

हेमलताने पदराने वाटी पुसली. "रिकामी कशी देऊ हो?"

"चिमूटभर साखर घाला."

"एवढ्या वर्षांच्या शेजाराला चिमूटभर साखर? काहीतरी शोभेल असं घालायला हवं. सुचलं की देते."

टेंब्यांनी मागच्या उंबऱ्यावर उभं राहून सात देशांना अडचण कळवली. भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या वेळेचं असावं, यावरही त्या देशांचं अजून एकमत झालेलं नाही. या वेळी मात्र खल लांबला नाही. जपानी प्रतिनिधी म्हणाले, आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत. आणखी एकाने आपल्या आईची साक्ष काढली. वाटी भरून येईपर्यंत स्थानक वरच ठेवावं, असा ठराव सातही देशांनी एकमताने केला.

"साधारण कधी सुचेल?" टेंब्यांनी विचारलं.

"आता ते कसं सांगणार?" हेमलता म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तेव्हापासून ती खटपट करतेय. बेसनाचे लाडू केले, ते तिला फार साधे वाटले. खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्या म्हणे मनासारख्या झाल्या नाहीत. सगळं मलाच संपवावं लागतं. माझी तक्रार नाही.

काल संध्याकाळी ल्युडमिला आली. चपला बाहेर सोडून तिने गवारीची परडी पुढ्यात ओढली.

"वहिनी, सुचलं का काही?"

"नाही गं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि शेंगा मोडायला लागली.