केरोबाची वजनाला हलकी सायकल

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका मुलांनो, गोष्ट ऐकायची असेल तर तोंडं मिटा) केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याला ठकूबाई नावाची बायको होती आणि एक जुनी सायकल होती. दोघींशी त्याचं बरं चाललं होतं.

ठकूबाईचा डावा गुडघा दुखायचा. तिला फार चालवत नसे. आणि साऱ्या जगात तिला हौस होती एकच. टेकडीपलीकडे मोहाचं एक झाड होतं. चैत्रात पहाटेपासून त्याची फुलं टपटप गळायची. अस्वलांना मोहाची फुलं म्हणजे तुम्हाला श्रीखंड. जास्त खाल्ली की डुलायला होतं, पण तो धडा तुमच्या पुस्तकात नाही.

केरोबा आणि ठकूबाईचं लग्न ठरलं ते त्याच झाडाखाली. म्हणून दर चैत्रात एकदा केरोबा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचा आणि तिकडे न्यायचा. ती मागे बसून सगळ्या रस्त्याला नावं ठेवायची. तो पुढे हुं हुं करायचा.

एका चैत्रात अर्ध्या चढावर सायकलची चेन तुटली. दोघं परत आले. ठकूबाई गुडघा चोळत बसली. 

"पुढल्या चैत्रात तुला अशा सायकलवरून नेतो," तो म्हणाला, "की चढ कधी आला नि कधी गेला, कळायचंसुद्धा नाही."

"तेवढं कॅरिअर जरा रुंद बघा," ठकूबाई म्हणाली. आणि त्याच दुपारी तिनं कॅरिअरवर ठेवायला चिंध्यांची एक उशी शिवायला घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण तळ्यात अप्पासाहेब बगळे उभे होते.

अप्पासाहेब सायकलींतले जाणकार. आयुष्यात कधी सायकलवर बसले नव्हते, कारण त्यासाठी दुसरा पाय खाली घ्यावा लागला असता. पण सायकलीबद्दल त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं. ज्याला आपण उंटावरचा शहाणा म्हणतो, तोच हा. जंगलात उंट नव्हता, म्हणून पाण्यात उभा.

"काय केरोबा, कुठं निघालात?"

"कासवाच्या दुकानात. सायकल घ्यायला."

"तयार सायकल?" अप्पासाहेबांनी डोळे मिटले. फार दुःख झालं की ते डोळे मिटत. "अहो, तुम्ही तयार कपडे घालता का?"

"मी कपडेच घालत नाही."

"तेच म्हणतोय मी! अंगाला आलेलं तेवढंच घालता. मग सायकल दुसऱ्याच्या मापाची कशाला? करवून घ्या. एकेक भाग हातानं घडवलेला. आयुष्यात एकदाच होते अशी सायकल."

केरोबाला हे पटलं. आयुष्यात एकदाच होणाऱ्या गोष्टी माणसाला लगेच पटतात, मग अस्वलाला का नाही पटणार?

सायकलची फ्रेम सुतारपक्ष्याकडे दिली. फ्रेम बांबूची करायची ठरली. सुतारपक्षी एकेक बांबू टोकायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा.

"हा नको. हा आतून उदास आहे."

असे एकशे अठरा बांबू उदास निघाले. एकशे एकोणिसावा पसंत पडला तेव्हा चैत्र येऊन गेला होता. ठकूबाईनं पहाटे टेकडीकडे तोंड करून वास घेतला, आणि आत जाऊन उशीला झालर लावली.

"पुढल्या वर्षी नक्की," केरोबा म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतेय?" ठकूबाई म्हणाली.

मुलांनो, बायको असं म्हणाली की पळत जाऊन जे हातात येईल ते करावं. केरोबा तळ्यावर गेला.

तळ्यावर आता रोज बैठक भरायची. सायकलवाल्यांचं मंडळ होतं ते. त्यात कोणाचीही सायकल पूर्ण झालेली नव्हती. सगळे मिळून केरोबाच्या सायकलवर चर्चा करत, आणि चर्चेला तोंडी लावायला मधाचं एक पोळं असे. ते केरोबा आणायचा आणि केरोबाच संपवायचा.

सीट विणायचं काम सुगरण पक्ष्याकडे होतं. त्यानं गवताच्या काडीनं केरोबाच्या बुडाचं माप घेतलं. मग एक सीट अर्धी विणली आणि सोडून दिली. दुसरी विणली, तीही सोडली. बाभळीला पाच अर्धवट सीटा लोंबत होत्या.

"अहो, यातली एखादी पुरी करा की!" केरोबा म्हणाला.

"कशी करू? दर वेळी माप वाढलेलं असतं तुमचं," सुगरण म्हणाला.

तोवर दुसरा चैत्र गेला. ठकूबाई आता काठी घेऊन चालायला लागली होती. केरोबानं ते पाहिलं, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं. सायकल आली की हिचे सगळे हाल संपतील, असं तो मनात म्हणाला आणि बैठकीला गेला. तिथं हँडलच्या मुठीवर वाद रंगला होता.

चाकं कोळ्यानं घेतली. चाकाला बत्तीस तारा, आणि प्रत्येक तार तो स्वतःच्या पोटातून काढायचा. असल्या माणसाला घाई करा म्हणून सांगायची सोयच नसते.

आणि मग अप्पासाहेबांनी वजनाचा विषय काढला.

"सायकल म्हणजे वजन, केरोबा. तोळा न् तोळा मोजायचा. हे स्टँड कशाला?"

"उभी करायला."

"अशी सायकल उभी करत नाहीत, झाडाला टेकवतात. काढा. घंटी कशाला? समोरच्याला दिसतं की अस्वल येतंय. काढा. मडगार्ड काढा. आणि ते मागचं लोखंडी कॅरिअर? दोन शेर वजन! दूध घालायला जाणार आहात का?"

मंडळ खो खो हसलं. केरोबाही हसला. हसताना त्याला क्षणभर वाटलं, आपण काहीतरी विसरतोय. काय बरं ते? पण तेवढ्यात कोळी म्हणाला की कॅरिअर लावलं तर माझ्या तारांवर ताण येईल आणि मी चाकं देणार नाही. मग केरोबा घाबरला आणि म्हणाला, "काढा, काढा!"

त्या दिवशी त्यानं जुनी सायकल शेजारच्या झिपरू रानडुकराला देऊन टाकली. तो गंजका खटारा दारात असला तर नवीला काय वाटेल, हा विचार त्यामागे होता. झिपरूला वाटणंबिटणं काही कळत नव्हतं. त्यानं तुटक्या चेनला वेलीची गाठ मारली आणि कॅरिअरवर कंदांची पोती वाहायला लागला.

तिसऱ्या चैत्रात सायकल झाली. एका सकाळी तळ्याकाठी सारं जंगल जमलं. सायकल करंजाच्या झाडाला टेकवली होती. खोटं कशाला बोलू, देखणी होती! मध लावलेला बांबू उन्हात चमकत होता. चाकांच्या तारांवर दव होतं. केरोबानं ती एका बोटानं उचलून दाखवली तेव्हा सशांनी टाळ्या वाजवल्या. केरोबाचे डोळे भरून आले. आपल्या हातून असं काही होईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

ठकूबाई काठी टेकत आली. तिनं सायकलला कुंकू लावलं, नारळ वाढवला. काखेत ती उशी होती. तिला आता झालर होती, वर एक मोर होता, चार कोपऱ्यांना चार गोंडे होते.

ती सायकलच्या मागे गेली. मग पुढे आली. मग पुन्हा मागे गेली.

"अहो," ती म्हणाली, "मी बसू कुठं?"

 

केरोबाला तेव्हा आठवलं, आपण काय विसरत होतो ते.

"वहिनी," अप्पासाहेब पुढे झाले, "कॅरिअरचं दोन शेर वजन होतं हो. नाइलाज होता."

"हो का? आणि ह्यांचं वजन कोणी केलं होतं का, भावजी?"

केरोबा साडेतीन मण भरत होता.  सुगरण हळूच हसला, कारण माप त्याला ठाऊक होतं.

एवढ्यात खडखडाट करत झिपरू आला. तो कंद आणायला टेकडीकडेच निघाला होता. मागे कॅरिअर रिकामं होतं.

"झिपरूभावजी," ठकूबाई म्हणाली, "मोहापर्यंत सोडता का मला? दिवस चढला की फुलं संपतात."

"बसा की वहिनी! त्यात काय विचारायचं?"

तिनं कॅरिअरवर उशी ठेवली, गोंडे सारखे केले, काठी आडवी धरली आणि बसली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. सायकल कुरकुरत चढाला लागली, आणि लांबून ठकूबाईचा आवाज आला. ती रस्त्याला नावं ठेवत होती.

तो आवाज ऐकून केरोबाचं काळीज हललं. तीन वर्षांत तिनं रस्त्याला एक नाव ठेवलं नव्हतं. त्यानं झटकन सायकल घेतली आणि टांग मारणार, तोच मंडळ ओरडलं.

"अहो, काय करता! त्या वाटेवर खडी आहे!"

"काटे आहेत!"

"माझ्या तारा!" कोळी किंचाळला.

केरोबानं वाटेकडे पाहिलं. सायकलकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी हिला त्या खडीत घालायची? त्याचा जीव होईना. मग त्यानं सायकल अलगद उचलली, खांद्यावर घेतली आणि टेकडीकडे पळत सुटला.

सायकल खरंच हलकी होती. टेकडी चढताना त्याला तिचं वजन जाणवलंही नाही. घाम आला तो तीन वर्षं खाल्लेल्या मधाचा.

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय! झाडाखाली एक फूल उरलं नव्हतं. झिपरू पोट वर करून घोरत होता. ठकूबाई खोडाला टेकून जराशी डुलत होती. उशीवर तिनं ओंजळभर फुलं वेगळी काढून ठेवली होती.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या वाटची."

केरोबा धापा टाकत उभा राहिला. ठकूबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या सायकलकडे, मग चढून आलेल्या सगळ्या वाटेकडे.

"ही अशी आणलीत?" तिनं विचारलं. "खांद्यावरनं?"

"हो."

"सबंध टेकडी?"

"हो. अगं, काही वाटलं नाही मला."

 ठकूबाई म्हणाली, "मग तीन वर्षांमागं मलाच घेतलं असतंत खांद्यावर, तर?"

  केरोबाला इतकी लाज वाटली की त्यानं ती ओंजळभर फुलं खाल्लीसुद्धा नाहीत. आणि अस्वलानं मोहाची फुलं खाल्ली नाहीत म्हणजे काय समजायचं, ते तुम्हीच समजा.

परत येताना ठकूबाई झिपरूच्या मागे बसली. केरोबा सायकल खांद्यावर घेऊन शेजारून चालत होता. दुसऱ्या दिवशी तळ्यावर मंडळानं त्याचा सत्कार केला. सबंध टेकडी चढून उतरली तरी सायकलला एक ओरखडा नाही, असं अप्पासाहेब म्हणाले. कॅरिअरचाही विचार करू, असं ते पुढे म्हणाले, पण ते वेताचं हवं आणि हातानं विणलेलं हवं. त्याला दोन चैत्र लागतील.

तात्पर्य : सायकल नेहमी वजनाला हलकी घ्यावी. खांद्यावरून न्यायला बरी पडते.